थेलेमा आणि दीक्षा-परंपरा : उज्जैनच्या संदर्भात एक परिचय

फ्रीगंजहून रेल्वेचा पूल ओलांडून जुन्या शहराच्या पलीकडे, क्षिप्रेच्या काठाने गढकालिकेकडे गेले की भर्तृहरीच्या गुंफेजवळ एक समाधी लागते. तिला पीर मत्स्येंद्रनाथांची समाधी म्हणतात. नाथ योग्यामागे 'पीर' ही फारसी पदवी पाहून नवागत चकित होतो. वास्तविक नाथपंथात मठप्रमुखाला पीर म्हणण्याची रूढी जुनी आहे. या पंथाशी विसाव्या शतकात एका युरोपीय गुप्तपंथाचा धागा जुळला, ही बाब मात्र आपल्याकडे फारशी कुणी नोंदवलेली नाही.

तो पंथ म्हणजे थेलेमा. या ग्रीक शब्दाचा अर्थ इच्छा. फ्रेंच लेखक राबले याने १५३४ च्या सुमारास आपल्या कादंबरीत या नावाचा एक काल्पनिक मठ रंगवला होता. पुढे अॅलिस्टर क्राउली (१८७५-१९४७) या इंग्रज गृहस्थाने १९०४ साली कैरो येथे आपल्याला एक ग्रंथ अमानवी वाणीने सांगितला गेल्याचा दावा केला आणि त्यावर हा पंथ उभारला. 'मनास येईल ते करा' असा त्याचा अर्थ लावला जातो, तो वरवरचा आहे. स्वतःची खरी इच्छा शोधून तिच्याशी एकनिष्ठ राहावे, अशी त्यामागची मांडणी आहे. अर्थात क्राउलीचे स्वतःचे आचरण पाहता हा भेद त्याने कितपत पाळला, हा प्रश्न उरतोच. सिसिलीतील त्याच्या मठातून १९२३ मध्ये त्याला हद्दपार करण्यात आले. या पंथाचे अनुयायी पत्रात ९३ हा आकडा लिहितात. ग्रीक अक्षरमूल्यांनी 'थेलेमा' आणि 'अगापे' (प्रेम) या दोन्ही शब्दांची बेरीज ९३ येते. अब्जद पद्धतीने बिस्मिल्लाहचे ७८६ काढणाऱ्यांना ही रीत समजावून सांगण्याची गरज नाही.

थेलेमाचा प्रसार मुख्यतः दोन संघटनांतून झाला. १९०७ मध्ये स्थापलेल्या पहिल्या संघात साधकाचा संबंध तत्त्वतः केवळ आपल्या वरच्या गुरूशी व स्वतः दीक्षा दिलेल्या शिष्याशी असतो. दुसरी, ओ.टी.ओ., जर्मनीत उगम पावली. तिच्यात फ्रीमेसनांप्रमाणे पायरीपायरीने दीक्षा दिली जाते. १९१२ मध्ये क्राउली तिच्या ब्रिटिश शाखेचा प्रमुख झाला. त्याच्या पश्चात गादी कोणाची, हा वाद इतका वाढला की १९८५ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाला निकाल द्यावा लागला. दर्ग्यांच्या सज्जादानशिनीचे खटले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे अपरिचित वाटू नये.

भारताशी जुळलेला धागा लॉरेन्स माइल्स (१९११-१९९१) या लंडनच्या तरुणाचा. क्राउलीने आपल्याला पूर्वेकडे जाण्यास सुचवले, असे तो सांगत असे. १९५३ मध्ये तो मुंबईत उतरला. लोकनाथ नामक साधूकडून आदिनाथ संप्रदायाची दीक्षा घेऊन तो महेंद्रनाथ झाला आणि उत्तरायुष्यात गुजरातेत महेमदाबादला राहिला. १९७८ मध्ये त्याने एका ब्रिटिश शिष्याला इजाजतनामा दिला. त्यातून इंग्लंडमध्ये जो संघ निघाला, त्यात नाथपंथ आणि थेलेमा यांची सरमिसळ झाली.

येथे अभ्यासकाने सावध राहिले पाहिजे. दीक्षा-परंपरेत अधिकार साखळीने सिद्ध होतो. आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ ही साखळी ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये ज्ञानेश्वरीत स्वतः नोंदवली. श्रीगोंद्याचे शेख महंमद आपला संबंध कादरी परंपरेतील चांद बोधल्यांशी सांगतात. सूफींचा शजराही याच कामाचा. महेंद्रनाथांच्या बाबतीत मात्र लोकनाथांविषयीची माहिती बहुतांशी त्यांच्याच लेखनातून येते. क्राउलीच्या कैरोतील अनुभवाचीही तीच स्थिती. साक्षीला होती ती केवळ त्याची पत्नी रोझ, आणि ग्रंथ उतरवून घेताना तीही खोलीत नव्हती.