विजया : ग्रंथ आणि कायदा

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात नागरिकांनी सह्या गोळा करून गांजाच्या औषधी वापराचा प्रश्न मतपत्रिकेवर आणला आणि १९९६ मध्ये मतदारांनी तो संमत केला. आपल्याकडे अशी तरतूद नाही. निर्णय संसद व विधिमंडळ यांच्याच हाती आहे. म्हणून वैद्यबांधवांनी प्रचलित कायदा नेमका जाणून घेणे अगत्याचे आहे.

शार्ङ्गधरांनी भांग व्यवायी, म्हणजे पचनापूर्वीच सर्व शरीर व्यापणारी, म्हटली आहे. जातीफलादी चूर्णातही ती आहे. १९८५ च्या केंद्रीय अमली पदार्थ कायद्यातील गांजाच्या व्याख्येत फुलोऱ्याचे शेंडे येतात. शेंड्यांविरहित पाने व बिया येत नाहीत. परंतु एवढ्यावरून भांग निर्बंधमुक्त समजणे घातक ठरेल. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये तिलाही परवाना लागतो. शिवाय औषध नियमांच्या ई-१ परिशिष्टात तिची गणना विषद्रव्यांत आहे; म्हणून भांगयुक्त औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना आवश्यक असते.

जालना जिल्ह्यातील वाटूरसारख्या गावी एखाद्या वैद्याने बांधावरचे झाड आणून चूर्ण केले, तर केवळ ग्रंथाधार त्याला वाचविणार नाही. परवानाधारक निर्मात्याचेच औषध घ्यावे, देयक जपून ठेवावे आणि रुग्णाचे बल पाहून मात्रा ठरवावी. कायदा बदलावा असे ज्यांना वाटते, त्यांनी तशी मागणी विधिमंडळाकडे अवश्य करावी. चिकित्सा मात्र आजच्या कायद्यानेच चालेल.