कागद आणि कडीपाट

पुण्याच्या सदाशिव पेठेतील भारत इतिहास संशोधक मंडळाचे नाव निघाले, की मोडी दप्तरे, फारसी फर्माने, सनदा आणि महजर यांचे स्मरण प्रथम होते, आणि ७ जुलै १९१० रोजी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे व सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी ज्या हेतूने ते स्थापिले तो लक्षात घेता हे स्वाभाविकच आहे. परंतु ज्या नगरात हे मंडळ वाढले त्या नगराचा शोध घेऊन तो ‘पुणे नगर संशोधन वृत्ता’च्या रूपाने त्याने लोकांपुढे ठेवला, या कार्याचे मोल मला त्या दप्तरांहून तिळमात्र उणे वाटत नाही.

कारण जुनी वास्तू राखायची म्हणजे नेमके काय राखायचे, हे कागदावाचून कळत नाही. शनिवारवाड्याचा पाया १७३० साली घातला गेला, १७३२ साली वास्तुशांत झाली आणि १८२८ च्या आगीत आतील महाल जळाले. आज कोटाच्या आत जी जोती उघडी पडली आहेत, त्यांवर कोणते दिवाणखाने उभे होते हे जुन्या पत्रांत आणि हिशेबांतच शोधावे लागते.

तथापि पेठ बनते ती पेशव्यांच्या महालांनी नव्हे, सामान्य गृहस्थांच्या वाड्यांनी. दगडी जोते, सागवानी खांब व तुळया, वर कडीपाट, म्हणजे कड्यांवर पाट बसवून केलेले लाकडी छत, आणि कौले, दिंडी दरवाजातून देवडीत व देवडीतून चौकात जाणारी वाट, अशी ही रचना. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण, आणि घराचा विस्तार खणांतच सांगत. अशा वाड्याचा घात बहुधा पाण्याने होतो: कौल सरकते, भिंतीत शिरलेले तुळईचे टोक भिजून कुजते, आणि वर सिमेंटचा गिलावा केला तर आतली ओल आतच कोंडते; चुन्यातून मात्र ती बाहेर पडू शकते. पण कौले परतवणार कोण? भाडे कायद्याने बांधलेले, वारस अनेक, जागेचा भाव चढता. मग वाडा पडण्याचीच वाट पाहिली जाते.

जो वाडा वापरात राहिला तो टिकला. दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यात १८२१ पासून संस्कृत पाठशाळा भरू लागली, पुढेही त्याला काही ना काही काम मिळत गेले आणि १८७९ च्या आगीची झळ सोसूनही तो उभा आहे. त्याच वर्षी बुधवारवाडा मात्र आगीत नामशेष झाला. जेथे १ जानेवारी १८४८ रोजी जोतीराव व सावित्रीबाई फुले यांची मुलींची शाळा सुरू झाली, तो भिडे वाडा जीर्ण होत होत अखेर २०२३ साली स्मारकासाठी पाडला गेला. स्मारक व्हावेच, पण ती वास्तू आपण वेळेवर सावरली नाही, ही आपली चूकच झाली.

म्हणून वाडेमालकांना एक विनंती: वाडा विकसकाच्या हाती देणे अटळ असेल, तर त्यापूर्वी त्याची मापे घेऊन नकाशा काढवा, दरवाजे, महिरपी, चौक यांची छायाचित्रे घ्या, आणि माळ्यावर वाटणीपत्रांची वा हिशेबांची पेटी असेल तर ती रद्दीत न घालता मंडळासारख्या संस्थेत नेऊन दाखवा.