'प्रायमर' : न कळलेल्या चित्रपटाचे कौतुक कशासाठी?

चित्रपट पाहून बाहेर पडल्यावर 'मला कळला नाही' असे म्हणायला माणसे लाजतात. शिकलेली तर जास्तच लाजतात. 'प्रायमर' या अमेरिकन चित्रपटाच्या बाबतीत मात्र नामवंत समीक्षकांनीही सगळे उलगडले नाही हे लिहून टाकले, आणि तरीही कौतुक केले. हे कसे घडले, ते वाचकांनी समजून घेण्यासारखे आहे.

दिग्दर्शक शेन कॅरथ हा गणिताचा पदवीधर. चित्रपटाचे रीतसर शिक्षण नाही, पाठीशी कोणी धनिक नाही. खर्च अवघा ७,००० डॉलर. लेखन, दिग्दर्शन, संकलन, संगीत आणि एक प्रमुख भूमिका त्याने स्वतःच केली. २००४ साली सनडान्स महोत्सवात परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक या चित्रपटाला मिळाले. अमेरिकेत त्याने चार लाखांवर डॉलर मिळविले.

कथा अशी. ॲरन आणि एब हे दोन इंजिनिअर मित्र नोकरी सांभाळून गॅरेजमध्ये प्रयोग करतात. त्यातून नकळत काळात मागे नेणारी पेटी तयार होते. सकाळी पेटी सुरू करायची, दिवसभर हॉटेलात लपून राहायचे, दुपारी पेटीत शिरायचे आणि तितकेच तास आत काढून पुन्हा सकाळीच बाहेर पडायचे! मग कोणता शेअर चढणार हे आधीच ठाऊक. पुढे एकाच माणसाच्या दोन-दोन प्रती वावरू लागतात आणि प्रेक्षक गोंधळतो.

समीक्षकांत येथेच फूट पडली. काहींना हा गोंधळ कथेची कमजोरी वाटला. रॉजर ईबर्ट यांच्यासारख्या ज्येष्ठ समीक्षकाला तो बुद्धीला आव्हान वाटला. प्रेक्षकांनी तर कागदावर तक्ते काढून घटनांचा क्रम जुळविला.

माझ्या मते दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पात्रे प्रेक्षकाला समजावून सांगत नाहीत, आपसांत बोलतात. कचेरीत दोन कारकून व्हाउचरविषयी बोलू लागले, तर शेजारच्या पाहुण्याला काय कळणार? तसेच हे. हा खरेपणा झाला. परंतु ग्रेंजर नावाचा गृहस्थ पेटीपर्यंत पोहोचला कसा, याचा खुलासा शेवटपर्यंत होत नाही. तेथे तक्रार रास्त आहे.

मात्र यंत्र कळले नाही तरी माणसे कळतात. एबने मित्रापासून एक पेटी लपविलेली असते. ॲरनने ती शोधून आधीच वापरलेली असते. पैसा आणि सत्ता हाती येताच विश्वास संपतो. हे समजायला गणित लागत नाही.

चित्रपट दीड तासाच्या आत संपतो. दहावी-बारावीच्या मुलांबरोबर पाहावा. नंतर कोणाला काय कळले आणि काय नाही, हे घरात मोकळेपणाने बोलावे. जे कळले नाही ते मुलांनीही बेधडक विचारावे आणि थोरांनीही.