बालमृत्यू आणि मदतकार्य: समजुती आणि वस्तुस्थिती

पाच वर्षे पूर्ण होण्याआधी दगावणाऱ्या मुलांची जगातील संख्या १९९० मध्ये सव्वा कोटीच्या आसपास होती. २०२२ मध्ये ती ४९ लाखांवर आली. गरीब देशांतील मुलांसाठी दिलेला पैसा वाळूत जिरतो, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही. श्रेय मात्र एकट्या सेवाभावी संस्थांचे नव्हे. सरकारी लसीकरण, स्वच्छ पाणी, आयांचे शिक्षण आणि वाढते उत्पन्न यांचाही त्यात मोठा वाटा आहे.

मोठ्या रुग्णालयांशिवाय मुले वाचत नाहीत, असेही मानले जाते. अतिसारात मूल मरते ते शरीरातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने. मीठ आणि साखर योग्य प्रमाणात पाण्यातून दिली, की आतडे ते पाणी पुन्हा शोषून घेते. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथे बांगलादेशी निर्वासितांत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असे मिश्रण तोंडाने पाजायला लावले; पाजणारे बहुतेक रुग्णांचे नातेवाईकच होते. शंभरातले तीसजण दगावत होते, ते प्रमाण चारांखाली उतरले.

उपाय हाती आला, तरी तो घरोघर पोहोचवणे हे वेगळेच काम होते. बांगलादेशातील ‘ब्रॅक’ या संस्थेने १९८० ते १९९० या काळात एक कोटीहून अधिक घरी सेविका पाठवल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. आईने ते सेविकेसमोर स्वतः तयार करून दाखवायचे. पुढे दुसरेच पथक येऊन तिला काय आठवते ते तपासत असे आणि सेविकेचा मोबदला त्यावर ठरत असे. सेविकेने किती घरे केली यापेक्षा आई किती शिकली याला पैसे देण्याची ही पद्धत मोहिमेचा कणा होती. व्यवस्थापनावर सर्वांत कमी खर्च करणारी संस्था सर्वांत चांगली, ही फूटपट्टी इथे साफ चुकते: तपासणीचे पथक वगळले असते, तर खर्च घटला असता आणि मोहीम आंधळी झाली असती.

दोनशे रुपयांच्या मच्छरदाणीने एक जीव वाचतो, हा समज उलट्या टोकाचा. आफ्रिकेत हिवतापाने दगावणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पाच वर्षांखालची मुले असतात आणि कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्यांचा उपयोग निर्विवाद आहे. पण मच्छरदाणी मिळालेली बहुसंख्य मुले तिच्याविनाही जगली असती. शिवाय ती दोन-तीन वर्षांत फाटते. म्हणून एक मृत्यू टाळायला शेकडो मच्छरदाण्या लागतात. ‘गिव्हवेल’ ही अमेरिकी संस्था तो खर्च साधारण पाच हजार डॉलर धरते. हा अंदाज आहे, आणि जाहिरातींतल्या आकड्यापेक्षा कितीतरी मोठा. तरी एका मुलाच्या उभ्या आयुष्यापुढे तो फारच थोडा आहे.

मुले वाचली तर लोकसंख्या फुगेल, ही भीतीही जुनी. १९७० च्या सुमारास बांगलादेशात हजारातली दोनशेहून अधिक मुले पाचवा वाढदिवस पाहत नसत आणि एका स्त्रीला सरासरी सुमारे सात मुले होत. आज बालमृत्यू त्याच्या काही अंशावर आले आहेत आणि मुलांची सरासरी दोनच्या आसपास आहे. कुटुंबनियोजनाची साधने आणि मुलींचे शिक्षण नसते तर हे घडले नसते, पण जन्मलेले मूल जगेल ही खात्री नसताना आईबाप कुटुंब लहान ठेवायला सहसा धजत नाहीत.

उरलेल्या मृत्यूंपैकी जवळपास निम्मे जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतले आहेत, आणि तिथे मच्छरदाणी किंवा मीठ-गुळाचे पाणी पुरत नाही. एवढ्या कोवळ्या बाळाला घरी वाचवणे अशक्यच, असे डॉक्टरही मानत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, गुदमरलेल्या बाळाचा श्वास सुरू करणे आणि जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविक देणे शिकवले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. पुढे भारत सरकारने नवजात बाळाची घरी काळजी घेण्याचे काम आशा सेविकांकडे सोपवले.