दग्धव्रण : आधी जल, मग घृत

भाजलेला रुग्ण रुग्णालयात जाण्यापूर्वी पुष्कळदा जवळच्या वैद्यांकडे किंवा औषधालयात येतो आणि ‘भाजल्यावरचे मलम द्या’ असे म्हणतो. अशा वेळी बरणीला हात घालण्यापूर्वी आपण एकच प्रश्न विचारावा, असे आम्हास वाटते : ‘पाणी किती वेळ घातले?’

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या १२ व्या अध्यायात प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध व अतिदग्ध असे चार प्रकार वर्णिले आहेत. प्लुष्टात त्यांनी शेक व उष्ण औषध सांगितले असून, थंड पाण्याने रक्ताचे स्कंदन होते असे कारण दिले आहे. ग्रंथाविषयी पूर्ण आदर राखूनही आज हा शेक आपण बाजूला ठेवला पाहिजे. ज्वाला विझली तरी त्वचेत उष्णता शिल्लक राहते व दाह खोलवर जातो. नळाचे वाहते थंड पाणी २० मिनिटे घातल्यास ही हानी कमी होते. भाजल्यापासून ३ तासांपर्यंत त्याचा उपयोग असतो. बर्फ मात्र लावू नये. लहान मुलांचे उर्वरित अंग कोरडे व उबदार ठेवावे. बांगड्या, अंगठ्या सूज येण्यापूर्वी काढाव्यात. त्वचेला चिकटलेले कापड ओढू नये.

तूप, तेल, हळद, टूथपेस्ट वा शाई ताज्या दग्धावर लावण्याची घरोघरी रीत आहे. स्निग्ध लेपाने उष्णता आत कोंडते आणि व्रणाची खोली पारखणे कठीण होते. तापलेल्या तेलाने भाजल्यास विशेषेकरून रूक्ष क्रिया करावी, असे याच अध्यायात सांगितले आहे, हे आपल्या रुग्णांस आवर्जून सांगावे.

मग शतधौत घृताचे स्थान कोणते? दग्ध पूर्ण थंड झाल्यावर, लहान, उथळ व त्वचा न फाटलेल्या जागी ते सुखकर ठरते. जात्यादि तैलात तुत्थ असल्याने मोठ्या उघड्या व्रणावर ते सरसकट देऊ नये. फोड फोडू नयेत. स्वच्छ सुती कापडाने सैल झाकावे. धनुर्वाताच्या लसीची चौकशी करावी.

पुढील रुग्णांस थंड पाण्याचा उपचार होताच रुग्णालयात पाठवावे : चेहरा, हात, पाय, सांधे किंवा गुह्यांग भाजलेले, वीज अथवा रसायनाने भाजलेले, धूर श्वासात गेलेले, पांढरी वा चामड्यासारखी, वेदनारहित त्वचा असलेले, आणि विस्तृत दग्ध असलेले. रुग्णाचा बोटांसह तळहात म्हणजे शरीराचा सुमारे १ टक्का भाग, हे माप हाताशी ठेवावे. मुलांत १० टक्क्यांहून अधिक दग्ध म्हणजे गंभीर अवस्था होय. दोन आठवड्यांत न भरणारा व्रणही तज्ज्ञांस दाखवावा, अन्यथा जाड व्रणवस्तू व आकुंचन यांचा धोका संभवतो.

वैद्यबंधू-भगिनींनी व औषधालयचालकांनी ‘आधी २० मिनिटे पाणी’ एवढी पाटी दर्शनी भागी लावावी, ही विनंती. पाणी घालून आलेल्या रुग्णास दिलेले घृतच त्याच्या खऱ्या उपयोगी पडेल.