डायना एडल्जी : पाच हजार चेंडूंची साधना

मंदगती गोलंदाजाची खरी योग्यता बळींच्या रकान्यापेक्षा टाकलेल्या चेंडूंच्या आणि दिलेल्या धावांच्या रकान्यांत अधिक स्पष्ट दिसते, असे माझे फार दिवसांचे मत आहे. आणि त्या मताला मुंबईच्या डायना एडल्जी यांच्या कारकिर्दीइतका बळकट दाखला मला दुसरा सापडलेला नाही. वीस कसोटी सामन्यांत त्यांनी ५०९८ चेंडू टाकले, सोळाशेंहून थोड्या अधिक धावा दिल्या आणि ६३ बळी घेतले. म्हणजे प्रत्येक कसोटीत सरासरीने बेचाळीस षटकांचा भार एकट्या डाव्या हातावर वाहून, षटकामागे दोन धावाही त्यांनी प्रतिपक्षाच्या पदरात पडू दिल्या नाहीत.

२६ जानेवारी १९५६ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. रेल्वेच्या वसाहतीत टेनिसच्या चेंडूने खेळत त्या वाढल्या, बास्केटबॉल आणि टेबल टेनिस या खेळांत राष्ट्रीय कनिष्ठ गटापर्यंत पोहोचल्या आणि लाला अमरनाथ यांच्या शिबिरात त्यांच्या क्रिकेटला शिस्तीचे वळण लागले. योग असा की, याच सुमारास, १९७३ मध्ये, लखनौला भारतीय महिला क्रिकेट संघटनेची स्थापना झाली आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धा आपल्या पुण्यात भरली. त्या स्पर्धेला संघ आले अवघे तीन : मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. अनारक्षित डब्यांतून प्रवास, सार्वजनिक निवासांतला मुक्काम, अनेकींत मिळून मोजक्या बॅटी आणि बहुतेक खर्च पदरचा, अशा स्थितीत या मुलींनी हा खेळ देशात रुजवला. आज स्त्रियांचे सामने दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्या पिढीने हे आवर्जून ध्यानात ठेवावे, असे मला मनापासून वाटते.

३१ ऑक्टोबर १९७६ रोजी बंगळूर येथे वेस्ट इंडीजविरुद्ध भारतीय स्त्रियांचा पहिला कसोटी सामना सुरू झाला आणि त्याच सामन्यात एडल्जी यांचेही पदार्पण झाले. पुढच्याच महिन्यात पाटण्याला, पंचवीस हजारांच्या आसपास प्रेक्षकांसमोर, शांता रंगास्वामी यांच्या नेतृत्वाखाली भारताने पहिला कसोटी विजय मिळवला.

डावखुऱ्या मंदगती गोलंदाजीचे मर्म फसवणुकीपेक्षा सातत्यात आहे. मधल्या यष्टीच्या रोखाने येणारा चेंडू टप्पा पडताच उजव्या हाताच्या फलंदाजापासून दूर, ऑफ यष्टीबाहेर सरकतो. एकदा, दोनदा, पाचदा तसाच सरकतो. बॅट त्या वळणाच्या अपेक्षेने पुढे येऊ लागते, आणि मग तीच धाव, तोच हात, तीच उंची राखून एखादाच चेंडू न वळता सरळ आत शिरतो. त्या एका चेंडूचे मोल आधीच्या पाच चेंडूंच्या अचूकपणावर ठरते. दुसऱ्या टोकाने पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी लेगस्पिन टाकीत, तेव्हा उजव्या फलंदाजाला दोन्ही टोकांकडून बाहेर जाणाऱ्या चेंडूंचा मुकाबला करावा लागे. शुभांगीताईंचे कसोटी बळी ६०. या दोघींच्या जोडीविषयी मराठीत फार थोडे लिहिले गेले, याची मला खंत आहे.

१९७८ मध्ये भारतात भरलेल्या विश्वचषक स्पर्धेत एडल्जी कर्णधार होत्या. भारताने तिन्ही सामने गमावले; परंतु नवख्या संघाकडून त्याहून निराळी अपेक्षा करणे न्याय्य ठरले नसते. शिरस्त्राणाविना वेगवान गोलंदाजीला सामोरे जाताना त्यांना समोरचे चार दात गमवावे लागले. १९८६ च्या इंग्लंड दौऱ्यात लॉर्ड्सच्या पॅव्हिलियनमध्ये त्यांना स्त्री म्हणून प्रवेश नाकारण्यात आला, तेव्हा ते मैदान ज्याच्या मालकीचे, त्या क्लबाच्या पुरुषी अहंकाराची त्यांनी जाहीर संभावना केली. त्याच क्लबाने स्त्रियांना सभासदत्व देण्याचा ठराव १९९८ मध्ये संमत केला.

त्या दौऱ्यानंतर मात्र भारतीय स्त्रियांना पुढचा कसोटी सामना १९९१ पर्यंत मिळाला नाही, आणि मधल्या १९८८ च्या विश्वचषकातही भारत उतरला नाही. गोलंदाजाच्या परिपक्वतेची ती वर्षे होती. एकदिवसीय सामन्यांत ३४ लढतींत ४६ बळी घेऊन, १९९३ च्या विश्वचषकात पुन्हा नेतृत्व करून त्यांनी निरोप घेतला.

तथापि त्यांचे सर्वांत टिकाऊ कार्य मला मैदानाबाहेरचे वाटते. पश्चिम रेल्वेत अधिकारपदावर असताना स्त्री-क्रिकेटपटूंना रेल्वेत नोकरी मिळावी म्हणून त्यांनी अविरत खटपट केली. पगार, रजा आणि सरावाची मुभा यांची तजवीज झाल्यावाचून मध्यमवर्गीय घरातली मुलगी विशीनंतर खेळात टिकणार नाही, हे व्यावहारिक सत्य त्यांनी ओळखले होते. रेल्वेच्या संघाने पुढे राष्ट्रीय स्पर्धांवर जे वर्चस्व गाजवले, त्याचे मूळ या नोकऱ्यांत आहे. १९८३ मध्ये अर्जुन पुरस्कार, २००२ मध्ये पद्मश्री, २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या क्रिकेट प्रशासक समितीचे सदस्यत्व, आणि २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या गौरवदालनात प्रवेश मिळवणारी पहिली भारतीय स्त्री होण्याचा मान, असे सन्मान त्यांना लाभले.

स्त्रियांच्या कसोटी क्रिकेटमध्ये त्यांच्याहून अधिक बळी जगात दोघींच्याच नावावर आहेत : इंग्लंडच्या मेरी डगन यांचे ७७ आणि ऑस्ट्रेलियाच्या बेटी विल्सन यांचे ६८. एडल्जी यांचा ६३ बळींचा भारतीय उच्चांक अद्याप अबाधित आहे, आणि आपल्या मुलींना कसोटी सामने इतके विरळा मिळत राहिले, तर तो मोडण्याची संधीच कोणाला मिळणार नाही.