पऱ्हाटीचं बळ
नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात 'टाल' कंपनीच्या कारखान्यात बोईंग 787 साठी कार्बन तंतूंचे फ्लोअर बीम बनले. तंतूंनी प्लास्टिकला बळ देणं नागपूरला नवं नाही. म्हणूनच भोवतालच्या शेतांत वेचणीनंतर कापसाची पऱ्हाटी पेटवलेली पाहवत नाही. तिच्या सालीचा तंतू मक्याच्या स्टार्चपासून बनणाऱ्या पीएलए या प्लास्टिकमध्ये मिसळला, तर माल ताठर होतो. शिवाय एरवी वापरल्या जाणाऱ्या काचतंतूची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे 2.5 ग्रॅम, वनस्पतितंतूची 1.5, म्हणजे वजनही वाचतं.

तंतू ओल धरतो, हा आक्षेप रास्त आहे. अल्कलीत धुऊन नीट वाळवला की दोष बराच कमी होतो. 200 अंश सेल्सिअसपुढे तंतू करपतो, पण पीएलए त्याआधीच वितळतं. खरी अडचण विदर्भातल्या उन्हाची: पीएलए 60 अंशांजवळ मऊ पडतं, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या बंद गाडीत पारा तिथवर जातो. म्हणून सुरुवात सावलीतल्या वस्तूंपासून व्हावी: ट्रे, खोकी, भिंतीची पॅनेल.